समजलं का? होऽ मॅडम!

दीपमाला शहादेव तिडके हिच्यावर आयुष्यात एकदाही 'समजलं नाही' असं म्हणायची वेळ आली नव्हती, आणि आली असती तरी ती म्हणाली नसती. घाटनांदूरच्या शाळेत पहिला नंबर, कॉलेजात पहिला नंबर, आणि आता अंबाजोगाईला बी.एड.ला आल्यावरही प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर. आधी हात वर करायचा आणि मग प्रश्न काय आहे ते ऐकायचं, अशी तिची पद्धत होती.

त्यामुळं सहावीच्या वर्गावरचा तिचा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ किती देखणा झाला असेल, हे वेगळं सांगायला नको. रंगीत खडू, पुठ्ठ्याचे तक्ते, पट्टीनं आखलेला फळा. दर चार वाक्यांनी ती विचारायची, "समजलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "होऽऽ मॅडम!" हा सूर आपल्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. पोरगं शाळेत घातलं की पहिल्या आठवड्यात ते आपोआप शिकतं. अ-आ-इ-ई नंतर, जमलं तर. शेवटचं उदाहरण सुटलं आणि घंटा झाली. दीपमालेनं हातावरचा खडू झटकला तो एखाद्या पैलवानानं माती झटकावी तसा.

दुसऱ्या दिवशी मंजुषा मॅडमनी त्याच वर्गाला थोडी साधी गणितं घातली. मंजुषा मॅडम म्हणजे कॉलेजात पाठांचं मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापिका. बोलायच्या कमी आणि त्यातलंही निम्मं चष्म्यावरून. त्यांनी उत्तरं दीपमालेपुढं ठेवली. अर्धा अधिक एक तृतीयांश, बरोबर दोन पंचमांश. वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे मिळवले. जवळजवळ सगळ्या वर्गानं असंच केलं होतं, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

"पाठ छान झाला," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "फळ्याला सगळं समजलं. पोरांचं तेवढं राहिलं."

"पण मॅडम, पोरं तर सारखी हो म्हणत होती!"

"ते मीही ऐकलं. हा पाठ तुला पुन्हा घ्यावा लागेल. त्याशिवाय मी सही करणार नाही, आणि सहीशिवाय तुझं बी.एड. पुरं होणार नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा सावरला. "पण त्याआधी तू जॉर्जियाला जा."

झालं असं होतं, की परदेशातल्या एका संस्थेनं कॉलेजकडं एक जागा देऊ केली होती. उद्याच्या शिक्षकानं परक्या देशात महिनाभर राहायचं आणि तिथली भाषा पहिल्या अक्षरापासून शिकायची. खर्च त्यांचा. "तिथं जाऊन नेमकं काय करायचं, मॅडम?" दीपमालेनं विचारलं. "विद्यार्थी व्हायचं," मंजुषा मॅडम म्हणाल्या. दीपमालेला वाटलं, हे बक्षीस आहे. पहिला नंबर काढणाऱ्याला कुणी औषध म्हणून परदेशी पाठवेल, हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

घरी तिनं 'माझी निवड झाली' एवढंच सांगितलं. पाठ राहिल्याचं कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहू नये, हे परीक्षेतलं तत्त्व तिनं घरातही पाळलं.

जॉर्जिया हे नाव घाटनांदूरला नवं नव्हतं. शेजारच्या बंकटरावांचा परमेश्वर तिथं डॉक्टरकीला होता. त्यामुळं जॉर्जियाला गेलेलं माणूस डॉक्टर होऊनच परततं, अशी गावाची पक्की समजूत. बातमी फुटली त्याच संध्याकाळी समोरच्या वच्छलाबाई गुडघा घेऊन आल्या.

"दीपे, उजवा लईच ठणकतोय बघ. येताना तिकडची गोळी आण."

"काकू, मी भाषा शिकायला चाललेय."

"ती बी शीक. पर गोळी इसरू नको."

बंकटराव हे पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ. ग्रामपंचायतीला दोनदा पडलेले, त्यामुळं सगळ्या विषयांवर बोलायला मोकळे. "तिथं काय अडलं तर आमच्या परमेश्वरला फोन लावायचा," त्यांनी बजावलं. "पोरगं तिथली भाषा पाण्यावानी बोलतंय." शिवाय त्यांनी वेशीवर बॅनर लावला: 'घाटनांदूरची सुकन्या कु. दीपमाला हिची जॉर्जिया देशात भाषातज्ज्ञ म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' बॅनरवर बंकटराव कानाला मोबाईल लावून उभे होते. त्यांच्याभोवती शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. दीपमालेचा फोटो खालच्या कोपऱ्यात होता, शेळीच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीवर, आणि आश्रुबाच्या शेळीनं ही संधी वाया घालवली नाही.

पासपोर्टची कथा निराळी. वडील शहादेवराव पंचायत समितीत कारकून. उभी हयात त्यांनी टेबलाच्या आतून लोकांना 'उद्या या' सांगितलं होतं. ते पहिल्यांदाच टेबलाच्या बाहेरच्या बाजूला आले. पोरीचा जन्म अंबाजोगाईच्या दवाखान्यातला, रेशन कार्ड घाटनांदूरचं आणि मूळ गाव तिसरंच, हे पाहून एका खिडकीतल्या तरण्या कारकुनानं मूळ गावचा दाखला आणायला सांगितलं. शहादेवरावांनी तो आणला. "काका, शिक्का गोल हाय. चौकोनी लागतो," कारकून म्हणाला. संतापायच्या ऐवजी शहादेवराव त्याच्याकडं कौतुकानं बघत राहिले. घरी येऊन बायकोला, जानकीबाईंना म्हणाले, "पोरगं लई पुढं जाणार. चौकोनी शिक्क्याचं मला बी कधी सुचलं न्हवतं."

मग पोलीस चौकशी. हवालदारानं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पोरीवर एखादा गुन्हा?"

"न्हाई वो साहेब."

"मंग देश कावून सोडती?"

या सगळ्यातून तरून, जानकीबाईंनी दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाच्या चटणीची मोठी बरणी घेऊन दीपमाला एकदाची तेलावीला पोचली. तेलावी हे डोंगराच्या कुशीतलं गाव, अंबाजोगाईपेक्षा लहानच. जिकडं बघावं तिकडं द्राक्षाचे मळे. राहायची सोय नातेला नावाच्या बाईंच्या घरी होती. साठी ओलांडलेली, आवाज दांडगा, आणि पाहुणा उपाशी मरायला टेकलाय असं धरून चालणारी बाई. दीपमालेला तिचा शब्द कळला नाही, पण ती काय म्हणत असेल ते सगळं कळलं. निदान तिला तसं वाटलं, आणि पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

वर्गावर शिकवायला केतेवान नावाची शिक्षिका होती. दीपमालेपेक्षा थोडीच मोठी, उत्साही, हातात रंगीत खडू. पहिल्या दिवसापासून सगळं त्यांच्याच भाषेत बोलायचं असा नियम. केतेवान चार वाक्यं बोलली आणि भुवया उंचावून म्हणाली, "गाइगेत?"

दीपमालेला शब्द नवा होता, पण 'समजलं का?'चा सूर जन्माचा ओळखीचा. पहिलीपासूनची सवय तिच्या आतून उसळून वर आली आणि ती एकटीच, वर्गभर घुमेल अशी ओरडली, "होऽऽ!"

आता गंमत बघा. जॉर्जियाच्या माणसांच्या घरगुती बोलण्यातही 'हो' म्हणजे 'हो'च. एवढ्या अवघड भाषेतला एकच शब्द देवानं पोरीला फुकट दिला, आणि त्यानंच तिचा घात केला.

शेजारी पोलंडचा एक दाढीवाला पोरगा होता. तो दर थोड्या वेळानं हात वर करून म्हणायचा, "वेर गाविगे." म्हणजे 'नाही समजलं'. हे वाक्य केतेवाननं पहिल्याच दिवशी खांदे उडवून, तोंड वाकडं करून सगळ्यांना शिकवलं होतं. दीपमालेनं ते उतरवून घेतलं, पण आपल्याला लागायचं नाही म्हणून पाठ केलं नाही. त्या पोराची तिला कीव यायची. एवढी दाढी आली तरी बिचाऱ्याला काहीच समजत नाही.

केतेवान 'गाइगेत?' म्हणायची, दीपमाला 'होऽ' म्हणायची. असे दहा-बारा दिवस गेल्यावर केतेवान तिला घेऊन संचालकांकडं गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवून भरभरून काहीतरी बोलली, आणि संचालकांनी तिला काहीतरी विचारलं. दीपमाला म्हणाली, "हो, हो." दुसऱ्या दिवशी तिला वरच्या वर्गात बसवण्यात आलं.

वरच्या वर्गात माणसं वाद घालत होती, विनोद करत होती, गोष्टी सांगत होती. शिकवायला दुपारच्या वेळी केतेवानच. दीपमाला इतर हसले की थोडी उशिरा हसायची, इतरांनी पान उलटलं की उलटायची. बसायला तिनं शेवटचा बाक धरला. शेवटच्या बाकावर बसून वहीत डोकं घातलं की कुणी विचारत नाही, हा शोध तिला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी लागला. घाटनांदूरची पोरं तो दुसरीतच लावतात. केतेवानची नजर ओळीवरून ओळीवर सरकत यायला लागली की ती पेन खाली पाडून शोधत बसायची. तिला घरची आठवण यायची, पण त्याहून जास्त आठवण स्वतःचीच यायची: त्या हुशार दीपमालेची, जिचा हात सदा वर असायचा.

मग खाली परत पाठवा म्हणून सांगायचं ना? छे! वेशीवर बॅनर लागलाय. शेळीनं खाल्ला असला तरी लागलाय.

एका संध्याकाळी नातेलाबाई हातवारे करकरून बराच वेळ काही विचारू लागल्या. दीपमालेनं 'हो' म्हणायच्या आधी या वेळी शहाणपणा केला आणि परमेश्वरला फोन लावून फोन नातेलाबाईंच्या तोंडापुढं धरला. परमेश्वर राजधानीत राहायचा. कॉलेजात इंग्रजी, आणि खोलीत लातूर, नांदेड, केज इथली पोरं, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वरण-भात. चार वर्षांत त्याला तिथल्या भाषेतलं कांदा, बटाटा आणि 'इथंच उतरायचंय' एवढं येत होतं. पण आपल्या भागात वाटसरूनं रस्ता विचारला तर 'ठाऊक नाही' म्हणायची रीत नाही. माणूस आधी हात करून दिशा दाखवतो, मग ते गाव त्या दिशेला आहे का याचा विचार करतो. परमेश्वर त्याच मातीतला.

"दीपाताई, काय न्हाई," तो ठामपणे म्हणाला. "शनवारी पाव्हण्यारावळ्यांचा कार्यक्रम हाय म्हणती. चांगले कपडे घालून ये म्हणती."

दीपमाला नातेलाबाईंना म्हणाली, "हो!" आणि शनिवारी पहाटे पोपटी रंगाचा जरीचा ड्रेस, मोत्याचे कानातले आणि केसांत चाप अशी नटून दारात उभी राहिली. नातेलाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, तिच्या हातात एक कातरी आणि एक बादली दिली, आणि गाडीत बसवलं. द्राक्षांची तोड होती. सगळी आळी मळ्यात उतरली होती, केतेवान आणि तिचे विद्यार्थीही. घडाला हात घाल, देठ काप, बादलीत टाक. बादली भरली की ओत, पुन्हा ओळीला लाग. दुपारपर्यंत पोपटी ड्रेस जांभळा झाला आणि मोत्याचं एक कानातलं द्राक्षांबरोबर बादलीत गेलं ते गेलंच.

नेमका त्याच वेळी घरून व्हिडिओ कॉल आला.

"अवो, हिकडं या!" जानकीबाई ओरडल्या. "पोरगी तोडीला लागली!"

शहादेवराव धावत आले. आजूबाजूच्या निम्म्या गावांतून माणसं दरसाल ऊसतोडीला जातात. कारकुनाची पोर शिकून-सवरून, विमानानं जाऊन तेच करतेय हे दृश्य त्यांना झेपेना. "आपल्या घरात कुणी कोयता धरला न्हवता," ते कासावीस होऊन म्हणाले.

"कोयता न्हाई वो, कातरी हाय."

"हळू बोल की. बंकट ऐकंल!"

बंकटरावांनी ऐकलंच होतं. दुसऱ्या दिवशी पारावर त्यांनी जाहीर केलं, की दीपमालेनं भाषा केव्हाच संपवली असून आता ती तिकडच्या शेतीवर संशोधन करत आहे.

तोड संपल्यावर मळ्यात जेवणावळ असते. केतेवान दोन्ही हात छातीशी धरून, डोळ्यांत कौतुक आणून दीपमालेला काहीतरी विचारायला आली. "तुमच्यासाठी बसायला जागा राखून ठेवलीय म्हणती," परमेश्वरनं फोनवरून अर्थ लावला. दीपमाला म्हणाली, "हो."

जागा खरोखरच राखून ठेवली होती. लांबलचक टेबलाच्या अगदी टोकाला, सगळ्यांच्या समोर. तिथल्या जेवणावळीत एका माणसाला प्रमुख नेमतात. त्यानं उठून उभं राहायचं, पेला उंचावायचा आणि बोलायचं: आधी शांततेबद्दल, मग आईवडिलांबद्दल, गेलेल्या माणसांबद्दल, आलेल्या पाहुण्यांबद्दल. त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी पेल्याला तोंड लावत नाही. हा मान गावातल्या जाणत्या, बोलघेवड्या पुरुषाचा. केतेवाननं सगळ्यांना पटवलं होतं, की आपली भारतीय विद्यार्थिनी हा मान पेलेल, कारण तिला सगळं समजतं.

दीपमालेच्या हातात कुणीतरी हिरव्यागार सरबताचा पेला दिला. ती उभी राहिली. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"गामारजोबा," ती म्हणाली. म्हणजे नमस्कार. टाळ्या पडल्या.

"माडलोबा," ती म्हणाली. म्हणजे आभार. पुन्हा टाळ्या.

इथं तिची भाषा संपली. माणसं पेले धरून थांबली होती. भाजलेल्या पावाची वाफ विरत चालली होती. चक्कर येऊन पडावं असं तिच्या मनात आलं. एकोणतीसचा पाढा म्हणावा असंही आलं, तो कुणाला कळला नसता. समोर केतेवान मान डोलावत होती, ओठ हलवत होती, आपली पोर आता बोलणार म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता. त्या चेहऱ्याकडं बघून मात्र दीपमालेला पाढाही म्हणवेना.

"वेर गाविगे," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग ती मोठ्यानं म्हणाली, "वेर गाविगे! पहिल्या दिवसापासून. काहीच नाही!" पुढचं मोडक्या इंग्रजीत, थोडं मराठीत आणि शेवटी रडत. पोलंडचा तो दाढीवाला पोरगा उठला आणि त्यानं तिचं इंग्रजीतलं सगळं बोलणं जॉर्जियाच्या भाषेत टेबलाला सांगितलं, अडखळत, पण सगळं. एवढे दिवस 'नाही समजलं' म्हणून म्हणून त्याला भाषा आली होती.

केतेवानचा चेहरा उतरला. ती दीपमालेजवळ येऊन बसली आणि त्या पोराकरवी म्हणाली, "मला वाटत होतं, मी फार छान शिकवतेय. तू तर सारखी हो म्हणत होतीस."

हेच दीपमाला मंजुषा मॅडमना म्हणाली होती. फरक एवढाच, की तेव्हा तिला पोरांचा राग आला होता, आणि केतेवानला तिचा राग आलेला दिसत नव्हता. केतेवानला वाईट वाटलं होतं, आणि ते बघणं जास्त जड गेलं.

तेवढ्यात नातेलाबाई पेला घेऊन उठल्या. त्या गडगडाटी आवाजात जे बोलल्या त्याचा अर्थ असा: या पोरीनं आणलेली लाल चटणी मी तीनदा खाल्ली. तिनं दर वेळी विचारलं, आवडली का? मी दर वेळी हो म्हणाले. माझ्या तोंडाची आग अजून विझलेली नाही. तेव्हा हा पेला, न समजता हो म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी! टेबल हास्यानं हादरलं. मग एकेक जण उठून आपण कुठं कुठं उगाच हो म्हणालो ते सांगू लागला. एक आजोबा म्हणाले, मी तर लग्नालाच. जेवण रंगलं.

दुसऱ्या दिवशी दीपमाला खालच्या वर्गात परत आली आणि पहिल्या बाकावर बसली. उरलेल्या दिवसांत ती इतक्यांदा 'वेर गाविगे' म्हणाली, की केतेवाननं हात जोडले. पण शेवटी शेवटी नातेलाबाईंचं निम्मं बोलणं तिला कळायला लागलं, आणि त्या आतापर्यंत काय काय विचारत होत्या ते कळून तिला घाम फुटला. पुढच्या वर्षीच्या तोडीलाही यायचं तिनं कबूल केलं होतं.

घाटनांदूरला सत्कार टळला नाही. नारळ, शाल, बंकटरावांचं भाषण. "आता जॉर्जियाचं एखादं वाक्य बोलून दाखव," ते म्हणाले.

"वेर गाविगे."

"वा! म्हंजी काय?"

"नाही समजलं."

"आमाला बी न्हाईच समजलं की, म्हणून तर इचारलं." टाळ्या पडल्या. वच्छलाबाईंना तिनं अंबाजोगाईहून घेतलेलं मलम दिलं. त्यांचा गुडघा दोन दिवसांत थांबला, आणि परदेशी औषधाला तोड नाही हे आळीभर झालं.

खरी धास्ती पुढंच होती. तोच सहावीचा वर्ग, तीच अपूर्णांकांची बेरीज, मागच्या बाकावर त्याच मंजुषा मॅडम. या वेळी जमलं नाही तर वर्ष गेलं. दीपमालेनं तक्ते आणले नव्हते. तिनं खडू घेतला, फळ्यावर अर्धा आणि एक तृतीयांश लिहिलं, आणि जमेल तेवढ्या जॉर्जियाच्या भाषेत, हात हलवत, भराभर समजावून सांगायला लागली. पोरं टकाटका बघत होती. मग तिनं भुवया उंचावल्या.

"गाइगेत?"

"होऽऽ मॅडम!"

दीपमालेला इतकं हसू आलं की टेबल धरावं लागलं. "अरे, काय समजलं?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. "मॅडम, तुमी म्हणताल ते," पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

मग तिनं सगळं सांगितलं. वरचा वर्ग, शेवटचा बाक, पोपटी ड्रेस, हातात पेला घेऊन उडालेली फजिती. आपल्या मॅडम 'ढ' होत्या हे ऐकून वर्गाला परमानंद झाला. "आता खरं सांगा," ती म्हणाली, "मागच्या खेपेला काय समजलं नव्हतं?" पोरांनी वह्या उघडून माना खाली घातल्या. सवय अशी एका गोष्टीनं सुटत नसते.

शेवटी खिडकीच्या कडेला बसलेल्या एका पोरीनं बसूनच विचारलं, "मॅडम, तुमी न्हाई म्हणलात, तवा तुमाला कुणी मारलं का?"

तिचं नाव संस्कृती. आईबाप ऊसतोडीला जाणारे.

"नाही मारलं."

"मंग मला न्हाई समजलं."

"कुठपासून?"

"तिसरीपासून."

वर्ग हसला. दीपमाला हसली नाही. "तिसरीत काय झालं होतं?"

"कारखान्याला गेलतो आमी, कर्नाटकात. तिथं कानडी शाळंत बशिवलं मला. बाई कायबी म्हणल्या की सगळी पोरं 'हौदू' म्हणायची, म्हंजी 'हो'. मंग मी बी म्हणायचे."

ही पोरगी दीपमालेच्या किती तरी आधी परक्या भाषेत जाऊन आली होती. एकटी, तिसरीत असताना. हिच्यासाठी वेशीवर कुणी बॅनर लावला नव्हता, आणि परत आल्यावर हिला 'ढ' ठरवायला मात्र सगळे तयार होते. त्यात आपणही होतो, हे दीपमालेला ठाऊक होतं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"मग आपण तिसरीपासून करू," ती म्हणाली.

"दिवाळी झाली की आमी जाणार, मॅडम."

"दिवाळीच्या आत करू. रोज मधल्या सुट्टीत. चालेल?"

संस्कृतीनं विचार केला. "हो" म्हणायच्या आधी ती विचार करत होती, हे दीपमालेला फार आवडलं. "चालंल," ती म्हणाली. "पर डबा खाऊन."

त्यानंतर वर्गात जे सुरू झालं त्याला पाठ म्हणता येणार नाही. "मॅडम, छेद म्हंजी वरचा का खालचा?" "मॅडम, मला भागाकारच येत न्हाई." "मॅडम, मला बी तिसरीपासून." एकानं तर प्रामाणिकपणे विचारलं, की हा तास गणिताचा आहे का. दीपमालेनं फळ्यावर दोन भाकरी काढल्या, एक अर्धी आणि एकीचा तिसरा भाग, आणि हे तुकडे एकत्र कसे मोजायचे असं विचारलं. पोरं भांडायला लागली. कुणी म्हणालं, तुकडा बारका हाय, तो एक कसा धरायचा? एवढ्यात घंटा झाली. बेरीज तशीच राहिली.

वर्ग रिकामा झाला. मंजुषा मॅडम सावकाश पुढं आल्या.

"पाठ अपूर्ण राहिला, मॅडम," दीपमाला स्वतःच म्हणाली.

"हो, राहिला." मंजुषा मॅडमनी पेन काढलं आणि सही केली. "मागच्या वेळी पूर्ण झाला होता, म्हणून तर अडला होता."

दीपमालेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मंजुषा मॅडम मात्र निघाल्या नाहीत. त्यांनी दाराकडं पाहिलं, बाहेर कुणी नाही याची खात्री केली आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

"दीपमाला, एक विचारू? ते छेद सारखे करायचे असतात, ते का? मी शाळेत असताना पाठ केलं होतं. पुढं जन्मभर मराठी शिकवलं, कधी गरजच पडली नाही. आज कळेल म्हणून कान देऊन बसले होते, आणि नेमकी घंटा झाली."

दीपमालेनं खडू उचलला आणि फळ्यावरच्या दोन्ही भाकऱ्या पुन्हा ठळक केल्या. "बसा, मॅडम."

मंजुषा मॅडम सवयीनं शेवटच्या बाकाकडं वळल्या.

"मागं नको," दीपमाला म्हणाली. "इथं पुढं बसा. आणि नाही समजलं तर मला थांबवा."